बाराखडी आणि बाराबंदी

दिवाळीच्या फराळात चकली, करंजी, अनारसे यांच्या जोडीला आमच्याकडे आणखी एक पदार्थ वाढण्याची रीत आहे. पाहुणे येतात, टेकतात, पहिला लाडू फोडतात आणि घरातल्या पोराला हाक जाते, "काय रे, कितवीत तू? किती टक्के पडले?" पोरगे हुशार असले तर आईच्या तोंडावर तेज चढते, नसले तर ती चिवड्याची बशी पुढे सारून विषय बदलते. पोरगे मात्र तिथेच दाराच्या चौकटीला पाठ लावून, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत उभे असते. त्या चौकटीशी मी उभी राहिलेली आहे. म्हणून आज भर सणात थोडे भांडायला आले आहे. वाचकांनी राग मानू नये. मानलाच तर फराळ आटोपल्यावर मानावा.

आधी एक कबुली देऊन टाकते. हा लेख मी लिहिलेला नाही, सांगितलेला आहे. माझ्या सुनेने तो उतरून घेतला, दोनदा मला वाचून दाखवला, आणि जिथे तिने माझे शब्द सभ्य केले होते तिथे मी ते पुन्हा होते तसे करून घेतले. मला डिस्लेक्सिया आहे. सरकारदरबारी याला 'अध्ययन अक्षमता' असे भारदस्त नाव आहे. माझी साठी उलटली. सांगलीत नाटकांची वेशभूषा करणे हा माझा व्यवसाय, आणि तो मी वयाच्या ४६व्या वर्षी सुरू केला. 'व्यवसाय' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण सारे भांडण त्या शब्दाशीच येऊन ठेपणार आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे काय, हे ज्यांना सुखाने वाचता येते त्यांना सांगणे अवघड. अक्षरे नाचतात, असे लोक म्हणतात. माझी कधी नाचली नाहीत. ती आपापल्या जागी शहाण्यासारखी उभी असतात. फक्त आपले नाव सांगत नाहीत. रोज भेटणाऱ्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवू नये, तसे. 'घ' आणि 'ध' यांत फरक तो काय? डोक्यावरची रेघ एकाला पुरी आणि दुसऱ्याला तुटकी, एवढाच. 'भ' आणि 'म' यांचेही तेच. 'ख' म्हणजे 'रव' का नव्हे, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेले नाही. आणि ती वेलांटी! पहिली वेलांटी बोलायची नंतर आणि काढायची आधी. रफार बोलायचा आधी आणि द्यायचा नंतर, तोही पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. तुम्हाला यात काही वावगे दिसत नाही, कारण तुमच्या डोक्यात हे सारे सातव्या-आठव्या वर्षीच मुकाट्याने बसले. शंभर मुलांत निदान पाचांच्या डोक्यात ते बसत नाही, असा जाणकारांचा अंदाज आहे. काही जण दहा म्हणतात. ती मुले मंद नसतात, आळशी नसतात, त्यांचे डोळेही धड असतात. लिहिलेली खूण आणि ऐकलेला आवाज यांची गाठ त्यांच्या मेंदूत सहजी बसत नाही, इतकेच.

चौथीत असताना आम्हाला पत्रलेखन होते. भावाला भाऊबीजेचे आमंत्रण लिहा, असा विषय. मी लिहिले, "प्रिय माऊ". मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, 'म्याव म्याव' करून दाखवले, आणि मग हातावर पट्टी मारली. वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसते तर रडले असते. माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत होता. तो आजही भाऊबीजेला येतो तेव्हा ओवाळणीच्या पाकिटावर 'तुझा माऊ' असेच लिहितो. त्या पट्टीचा सूड त्याने असा घेतला. मास्तरांचे नाव मी घेणार नाही. ते गेले, आणि एरवी माणूस वाईट नव्हते. त्यांना ठाऊक नव्हते.

परंतु ठाऊक नव्हते म्हणजे काय? ही गोष्ट १९७३ सालची. १८९६ साली इंग्लंडातल्या सीफर्ड नावाच्या गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने आपल्या वैद्यक पत्रिकेत एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली होती. पर्सी नावाचा हा मुलगा चलाख, गणितात बरा, खेळात कोणाच्या मागे नाही. पण वाचता येईना, आणि स्वतःचे नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून लिही. त्याच्या शाळामास्तराचे मत असे पडले की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा पोरगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. तो साहेब मास्तर १८९६ साली जे ओळखू शकला, ते ७७ वर्षांनी आमच्या गावापर्यंत पोहोचले नव्हते. आणि त्या आधीच, १८८७ साली, रुडोल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने डिस्लेक्सिया हा शब्दही चलनात आणलेला होता. आगगाडी आली, तारायंत्र आले, सिनेमा आला. हेच तेवढे वाटेत कुठे अडकले?

अडकले, कारण आम्हाला ते नकोच होते. आमच्याकडे अक्षर म्हणजे संस्कार. वळणदार अक्षर असलेला मुलगा सज्जन, आणि ऱ्हस्वदीर्घ चुकणारा वाया गेलेला. घराण्याची अब्रू वेलांटीच्या टोकाला टांगलेली! अहो, पण हे शुद्धलेखन तरी कुठले ब्रह्मदेवाच्या लेखणीतून उतरले आहे? १९६२ साली शासनाने साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य केले आणि जुन्या अनुस्वारांची फौजच्या फौज एका दिवसात निवृत्त झाली. पुढे १९७२ साली आणखी चार नियम आले. म्हणजे १९६१ साली 'नाही' या शब्दावर अनुस्वार दिला नाही म्हणून ज्याने पट्टी खाल्ली, त्याच्या धाकट्या भावाने पुढे अनुस्वार दिला म्हणून खाल्ली असेल. पट्टी तेवढी अढळ! नियम असू नयेत असे मी म्हणत नाही. छापखान्याला, कोर्टाला, वर्तमानपत्राला ते हवेतच. पण जे चौदा माणसे एका खोलीत बसून बदलू शकतात, त्यावरून पोराची अक्कल आणि चारित्र्य मोजू नका, एवढे तरी मागायला हरकत नसावी. (चौदा नियम होते, माणसे किती होती कोण जाणे; पण सून म्हणते, वाक्य राहू दे.)

इथे कोणी म्हणेल, बाई, आपला समाज इतका काही दुष्ट नाही. आपण बहिणाबाईंना डोक्यावर घेतलेच की! घेतले खरे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्यांनी ओव्या रचल्या आणि मुलाने त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी छापून निघाली तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. फार चांगले झाले. पण माझ्या मनात येते, त्या बाई आज उठून आल्या, कोणत्याही विद्यापीठाच्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि "मी पोरींना ओवी शिकवते" म्हणाल्या, तर खिडकीतला कारकून पहिला प्रश्न काय विचारील? "आजी, दहावीचे प्रमाणपत्र?"

शिवाय बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. हा फरक फार मोठा आहे. जो शाळेत गेलाच नाही त्याला आम्ही क्षमा करतो, प्रसंगी पूजाही करतो. तो निरागस, तो मातीतला. जो शाळेत गेला आणि नापास झाला, त्याला मात्र क्षमा नाही. त्याला संधी दिली होती ना? मी १९८० साली एकदा आणि १९८१ साली दुसऱ्यांदा दहावीला नापास झाले. तिसऱ्या वेळी बसलेच नाही. शिवणाचे मशीन घेतले, लग्न झाले, आणि पुढची तीस वर्षे ब्लाउज, परकर, फ्रॉक आणि पडद्यांच्या झालरी यांत गेली. माझा शिवणातला हात चांगला होता हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. गिऱ्हाइकाच्या छातीचे माप ३६ च्या जागी ६३ लिहून बसते, हे कोणाला ठाऊक नव्हते. कारण मी लिहीतच नसे. दर बाईची एक फीत. खांद्याला एक गाठ, छातीला दोन, कमरेला तीन. गिऱ्हाइकांना वाटे, ही जुन्या वळणाची कारागीर आहे. मी त्यांना तसे वाटू दिले.

स्वतःला काय झाले आहे हे मला कळले ते मुलामुळे. तो सातवीत असताना, २००३ साली, त्याला पुण्याला तपासायला नेले. बाईंनी त्याच्याकडून वाचून घेतले, लिहून घेतले, ठोकळे लावून घेतले, आणि मग मान वर करून सहज विचारले, "घरात आणखी कोणाला असा त्रास?" हे बहुधा रक्ताबरोबर येते, असे त्या म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. वयाच्या ३९व्या वर्षी मला समजले की मी ढ नव्हते. लोक विचारतात, आनंद झाला असेल? छे! संताप झाला. अमेरिकेत फिलिप शुल्झ नावाचा एक कवी आहे. त्यालाही मुलाची तपासणी झाली तेव्हाच स्वतःचे उमगले, तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. २००८ साली त्याला कवितेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच्यापेक्षा मला एकोणीस वर्षे आधी कळले. तेवढीच माझी प्रगती.

मुलाचे सुदैवाने निभावले. परीक्षा मंडळाने नव्वदीच्या दशकातच अशा मुलांना जादा वेळ वगैरे सवलती द्यायला सुरुवात केली होती. तो पास झाला. आज यंत्रदुरुस्तीचे काम करतो आणि ते उत्तम करतो. पण त्याच्या सवलतीचे कागद घेऊन हिंडताना माझ्या ध्यानात आले की, ही सगळी सोय मुलांसाठी आहे. जणू हा गोवर आहे, लहानपणी येतो आणि जातो! तो जात नाही. पोराबरोबर वाढतो, लग्न करतो, रेशनकार्डाच्या रांगेत उभा राहतो. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत आमचे नाव नव्हते. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यांत आम्ही आलो. मी तेव्हा ५२ वर्षांची होते. कायद्याने मला ओळखले याबद्दल कायद्याचे आभार; त्याने मागचे काही भरून दिले नाही.

आणि मग आला तो चित्रपट. २००७ साली 'तारे जमीन पर' लागला तेव्हा आम्ही सहकुटुंब गेलो. सारे थिएटर मुसमुसत होते, मीही पदर ओला केला. त्या चित्रपटाने या देशात जे केले ते शंभर परिपत्रकांनी झाले नसते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. पण घरी येऊन भाकऱ्या थापताना मला काहीतरी खुपू लागले. त्या ईशानचे शेवटी काय होते? चित्रांच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर येतो. म्हणजे पुन्हा नंबरच! ज्या नंबराने पोराचा जीव घेतला, त्याच नंबराने त्याला सोडवायचा. तो सातवा आला असता तर? चित्र काढण्यात त्याला नुसता आनंद होत असता आणि हात बेताचाच असता, तर बापाने त्याला उराशी धरले असते काय?

त्याच चित्रपटात मास्तर वर्गाला मोठ्या लोकांची यादी सांगतो, आइनस्टाइन, लिओनार्दो, एडिसन. ही यादी तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे. कोणाला माझ्याविषयी कळले की तो चेहरा उजळून म्हणतो, "अहो, आइनस्टाइनलाही होता!" आइनस्टाइनचे शाळेतले गुण चांगले होते, आणि त्याला डिस्लेक्सिया असल्याचा कसलाही धड पुरावा नाही. लिओनार्दो १५१९ साली वारला. त्याला कोणी तपासले? मेलेल्या थोर माणसांना अशी दुखणी चिकटवून जिवंत साध्या माणसांचे समाधान करण्याची ही युक्ती मला मुळीच रुचत नाही. तिचा अर्थ असा होतो की, थोर असशील तर तुझे दुखणे क्षम्य. नसशील तर तू आमचा वेळ कशाला घेतोस?

याच्याच पाठची बहीण म्हणजे 'ही तर देणगी आहे' ही मखलाशी. म्हणे आमच्यासारख्यांना देवाने वेगळी दृष्टी दिलेली असते, आम्हाला आकार जास्त दिसतात. अशी काही खास देणगी असते की नाही याविषयी संशोधकांतच एकमत नाही. माझ्यापुरते मी सांगते. मला कापडाचा ताव नुसता पाहून त्यातून कळ्या कशा निघतील ते दिसते. का दिसते? तीस वर्षे कापड कापले म्हणून. रोज दहा तास. त्या श्रमांचे श्रेय मी एका दुखण्याला द्यायला तयार नाही. वाचता न येणे ही देणगी नाही, बसवर पाटी असून दुसऱ्याला "ही मिरजेला जाते का हो?" असे विचारावे लागणे ही देणगी नाही.

आता बाराबंदीची गोष्ट. २०१० साली आमच्या गावातल्या एका हौशी मंडळाने राज्य नाट्यस्पर्धेसाठी ऐतिहासिक नाटक घेतले. सांगली म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले ते गाव. इथे गल्लीगल्लीत एक दिग्दर्शक असतो. त्यांतला एक आपल्या बायकोचे ब्लाउज न्यायला आला. हातात ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेल्या कपड्यांचे गाठोडे होते. एक मावळ्याचा अंगरखा उसवला होता, तेवढा टाके घालून द्या म्हणाला. मी तो उलगडला. चकाकत्या मखमलीचा, टिकल्या लावलेला, आणि पुढे पाठीमागे कुठेही न उघडणारे शोभेचे बंद शिवलेले. खरे काम आतल्या चिकटपट्टीचे. मी म्हटले, "हा मावळा आहे की बँडवाला?" तो हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "तुम्ही कराल?"

मी रात्रभर झोपले नाही. पुस्तके वाचून अभ्यास करणे माझ्या नशिबी नव्हते, म्हणून पाय वापरले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन कपड्यांच्या काचेसमोर उभी राहिले. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातल्या भिंतींवरची चित्रे पाहिली. औंधच्या संग्रहालयात गेले. नाटक ऐकायला तालमीला बसले. मंडळी वाचन करीत आणि मी डोळे मिटून प्रत्येकाला कपडे घालीत असे. माझे सारे मराठी असे कानाने आलेले आहे. कीर्तनातून, रेडिओतून आणि विंगेतून. यादी लिहिता येईना, तर भिंतीवर बावीस माणसे कोळशाने काढली आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्याची गाठींची फीत अडकवली.

त्या नाटकात एक आई मुलाला लढाईवर धाडते, असा प्रवेश होता. लेखकाने तिला मोठे भाषण दिले होते. मी त्या मुलाला जाड्याभरड्या खादीची बाराबंदी शिवली, आखूड, छातीवर पदरावर पदर घेणारी, आणि तिचे सगळे बंद खरे ठेवले. तालमीत तो पोरगा ते बांधू लागला तर त्याला जमेना. आईचे काम करणारी बाई भाषण थांबवून पुढे झाली आणि एकेक बंद बांधू लागली. वेळ लागत होता. कोणी काही बोलत नव्हते. शेवटचा बंद बांधून तिने हात काढला तेव्हा दिग्दर्शकाने वहीत भाषणावर काट मारली. लेखक दोन दिवस रुसला होता. प्रयोगानंतर त्याचा रुसवा गेला. (त्याच पोराला तिसऱ्या अंकात पाऊण मिनिटात कपडे बदलायचे होते, म्हणून दुसऱ्या बाराबंदीला मीही चिकटपट्टी लावली. तत्त्वे सगळ्याच बंदांना परवडत नाहीत.)

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. पण पुढच्या वर्षी तीन मंडळे माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून काम थांबलेले नाही. आज माझ्या हाताखाली दोघी जणी आहेत, त्यांची घरे यावर चालतात. सॅली गार्डनर म्हणून एक लेखिका आहे. तिला १४ वर्षांची होईपर्यंत वाचता येत नव्हते. तिने अनेक वर्षे नाटकांचे कपडे केले, आणि पन्नाशीला टेकल्यावर, २००५ साली, पहिली मोठी कादंबरी लिहिली. २०१३ साली तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचे कार्नेगी पदक मिळाले. मघाशी मी याद्यांना नावे ठेवली आणि आता मीच नावे घेते आहे, हे माझ्या ध्यानात आहे. पण ही जिवंत बाई आहे, तिने आपले तोंडाने सांगितले आहे, आणि ती माझ्याच धंद्यातली आहे. एवढी सूट मला असावी.

तरीही आमच्या नात्यागोत्यात याला काय म्हणतात ठाऊक आहे? 'छंद'! "हिला या वयात छान छंद लागला." पुरुषाने पन्नाशीनंतर दुकान काढले तर तो धंदा, आणि बाईने रंगभूमीसाठी बावीस माणसे नखशिखान्त उभी केली तर तो छंद, जणू मी दुपारच्या वेळी मण्यांची तोरणे ओवते. यात बाईपणाचा भाग आहे, वयाचा आहे, आणि तिसरा भाग त्या दोन नापासांच्या शिक्क्यांचा आहे. हे तिन्ही एकत्र आले की माणसाच्या कामाला मोल राहत नाही, कौतुक तेवढे उरते. आणि कौतुक स्वस्त असते.

किती स्वस्त, ते मागच्या हिवाळ्यात कळले. एका शिक्षणसंस्थेने वेशभूषेची तीन दिवसांची कार्यशाळा ठेवली आणि मला बोलावले. मी गेले. मुलांपुढे ताव पसरला, अंगरखा कापून दाखवला, कळ्या कशासाठी असतात, घोड्यावर बसणाऱ्याचा घेर आणि कारकुनाचा घेर यांत फरक काय, ते सांगितले. मुले जेवायची सुटी विसरली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात सही करायला बोलावले. माझ्या अक्षरओळखीचा वेग कासवाचा, तरी रकमेपुढचे शब्द मी बोट ठेवून वाचले. 'शिवणकाम मजुरी, तीन दिवस.' दिवसाला पाचशे रुपये. 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून दिवसाला दोन हजार, ते एका पदवीधर गृहस्थांच्या नावे. ते गृहस्थ तिन्ही दिवस कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. मधून मधून मान डोलवीत, माणूस सालस. कारकून कळवळून म्हणाला, "काकू, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण तज्ज्ञाच्या रकान्यात पदवी लागते. नियम आहे." मी विचारले, "मग तीन दिवस तज्ज्ञ कोण होते?" तो खाली पाहू लागला. त्याच्या हाती काही नव्हते, हे मलाही कळत होते.

पैशाचे दुःख नाही, असे मी म्हणणार नाही, पैशाचेही आहे. साडेचार हजारांचा फरक माझ्या घरात मोजला जातो. पण त्याहून अधिक लागले ते हे की, माझे हात त्यांना हवे होते, माझी जीभ हवी होती, माझी तीस वर्षे हवी होती. फक्त मी नको होते.

आणि इथेच मला त्या गोड लोकांशी भांडायचे आहे जे म्हणतात, "कधीही सुरुवात करा, उशीर असा होतच नाही." होतो हो! चांगला होतो. ४६व्या वर्षी सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. गुडघे जमिनीवर बसून कापू देत नाहीत. १७व्या वर्षी कोणी म्हणाले असते की, हिला वाचता येत नाही पण हिचे हात बघा, हिला नाटकाच्या कपड्यांकडे बसवा, तर आज मी काय काय केले असते, ते आता कोणी सांगू शकणार नाही. ती तीस वर्षे गेली ती गेलीच. मला ती परत नकोत. पण 'उशीर होतच नाही' असे म्हणून माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हिशेब पुसू नका. ज्याने उशीर केला त्याला मोकळा सोडण्याची ती युक्ती आहे.

काय पाहिजे म्हणून विचाराल तर फार नाही. जिथे हाताचे काम शिकवायचे आहे, तिथे आत घेताना हात बघा. कुंभाराला चाकावर बसवा, शिंप्यापुढे कापड टाका, गाणाऱ्याला गाऊ द्या. मग लागले तर प्रमाणपत्र विचारा. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला कला शिकावीशी वाटली तर त्याच्या वयाकडे आणि गुणपत्रिकेकडे पाहून हसू नका. सूचना लिहून लावता, त्या एकदा तोंडानेही सांगा. आणि ज्याने शिकवले त्याच्या नावे पैसे द्या. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. घरातही तेच. या पाडव्याला कोणी पोराला टक्के विचारले, तर आईने चिवड्याची बशी पुढे सारू नये. "विचारू नका" म्हणावे. पाहुण्याला राग आला तर येवो. त्याला आणखी एक करंजी द्यावी.

ते व्हाउचर मी सही न करता घरी आणले होते. पंधरा दिवसांनी 'मजुरी' हा शब्द खोडून त्याच्यावर 'मार्गदर्शन' असे माझ्या हाताने लिहिले आणि टपालाने परत पाठवले. रफार द्यायचा राहिला, असे सून म्हणाली. अजून उत्तर नाही.

दरम्यान बुधवारी दुपारी दोन ते पाच मी घरीच शिकवते आहे. सध्या पाच जण येतात. त्यांत एक रिक्षा चालवणारे गृहस्थ आहेत, वय ५२, त्यांनी पहिल्या दिवशी दारातच सांगितले, "बाई, मला लिहायला सांगू नका." त्यांना पगडी बांधायला शिकायचे आहे. त्यांची बोटे जाड आहेत, पण पीळ चांगला बसतो. आणखी कोणाला यायचे असेल तर यावे. फॉर्म नाही. कात्री आपली आणावी; माझ्या कात्रीला मी कोणाला हात लावू देत नाही.